अमेरिका अजून इंचातच का? शॉपफ्लोअरवरून बघितलं तर

प्रश्न असाय की सगळं जग मीटर-किलोवर गेलं तरी अमेरिका फूट, पाउंड, फॅरनहाइट धरून का बसलीये, हा हट्ट आहे का अडाणीपणा, आणि मापाच्या घोळात मंगळावरचं यान गमावल्यावर तरी त्यांचे डोळे कसे उघडले नाहीत. मी भोसरीत मशीनिंगच्या धंद्यात क्वालिटी बघते, आमचा बराचसा माल अमेरिकेला जातो, त्यामुळे इंचातली ड्रॉइंगं रोज टेबलावर असतात. माझं मत सरळ सांगते, हट्ट-बिट्ट फार थोडा आहे. माप लोकांच्या डोक्यात अडकलेलं नसतं, ते वस्तूंमध्ये अडकलेलं असतं, आणि ज्या वस्तूला पन्नास वर्षं स्पेअर लागतो त्या वस्तूचं माप पन्नास वर्षं बदलत नाही. बदलायचं असेल तर कुणीतरी पैसे भरावे लागतात आणि कुणीतरी तारीख ठरवावी लागते. अमेरिकेत या दोन्ही गोष्टी कधी एकत्र झाल्या नाहीत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "अमेरिकेने मेट्रिक स्वीकारलं नाही" हे वाक्यच अर्धवट आहे. १८६६ साली तिथे कायद्याने मेट्रिक वापरायला परवानगी मिळाली, १८७५ ला पॅरिसमध्ये मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात सुरुवातीच्या १७ देशांत अमेरिका होती, आणि १८९३ मध्ये तर त्यांनी स्वतःचा यार्ड आणि पाउंड यांची व्याख्याच मीटर आणि किलोग्रॅमवरून करायला घेतली. म्हणजे अमेरिकन इंच हा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ मेट्रिकचाच एक तुकडा आहे, त्याला स्वतःचं वेगळं मूळ माप असं उरलेलंच नाही. फक्त तेव्हा अमेरिकेचा इंच २५.४ मिमीपेक्षा कणभर मोठा होता आणि ब्रिटनचा कणभर छोटा. स्लिप गेज, म्हणजे मापं तपासायचे अचूक पोलादी ठोकळे, बनवणारा स्वीडनचा योहान्सन, ज्याला पुढे फोर्डने आपल्याकडे घेतलं, त्याने मधला सोयीचा आकडा पकडून २५.४ धरूनच ब्लॉक बनवायला सुरुवात केली आणि कारखान्यांत तोच इंच रूढ झाला, सरकारांनी १९५९ मध्ये कागदावर आणला. धंद्यात असं बरेचदा होतं, गेज आधी येतो आणि कायदा मागून. जमीनमोजणीसाठी मात्र जुना फूट अमेरिकेत २०२२ संपेपर्यंत चालूच होता, फरक दहा लाखात दोनचा, पण अख्ख्या राज्याचे कोऑर्डिनेट त्यात असले की तो काही फुटांवर जातो.

आता सुरुवातीलाच का नाही घेतलं. इंटरनेटवर एक गोष्ट फिरत असते की १७९४ मध्ये फ्रान्सहून तांब्याचं वजन आणि मीटर घेऊन निघालेला दोंबे नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ कॅरिबियनमध्ये समुद्री लुटारूंच्या हाती लागला आणि तिथेच वारला, म्हणून अमेरिका मेट्रिक झाली नाही. गोष्ट खरी आहे, पण "म्हणून" खोटं आहे. जेफरसनने १७९० मध्येच दशमान मापांची योजना काँग्रेससमोर ठेवली होती, नाणी दशमान केलीसुद्धा, पण मापांना कुणी हात लावला नाही. दोंबे सुखरूप पोचला असता तरी त्याचं वजन कपाटातच पडलं असतं.

खरं कारण वेगळंय. मेट्रिक ज्या देशांनी उचललं त्यांच्याकडे आधी गोंधळ होता. फ्रान्समध्ये गावागणिक माप वेगळं. आपल्याकडे बघा ना, मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ चा आणि बंगालचा ८२ पौंडांच्या वर, म्हणजे नाव एक आणि माल तिप्पट, व्यापाऱ्याने करायचं काय. अशा ठिकाणी सरकार म्हणालं की आता किलो, तर कुठलं तरी एक माप येतंय याचाच फायदा मोठा होता, ते किलो आहे का आणखी काही हे दुय्यम. अमेरिकेला हा त्रास त्या मानाने कमी होता. ब्रिटिशांची मापं सगळ्या वसाहतींत साधारण एकसारखी आलेली, त्यात १८३६ नंतर हॅसलर नावाच्या स्विस माणसाच्या देखरेखीखाली बनवलेली प्रमाण वजनं-मापं सगळ्या राज्यांना पाठवायला सुरुवात झाली. बोस्टनचा फूट आणि न्यू ऑर्लिन्सचा फूट एकच. म्हणजे मेट्रिकने जो मोठा आजार बरा होतो तो आजारच नव्हता, उरला तो दहाने भागण्याचा सोपेपणा, तेवढ्यासाठी कोण देश हलवणार.

आणि दुसरं, ज्यांनी बदल केला त्यांनी बहुतेक वेळा सत्ताबदलाच्या झटक्यात केला. फ्रान्समध्ये क्रांती (तिथेही नेपोलियनने १८१२ मध्ये अर्धवट माघार घेतली, पूर्ण सक्ती १८४० ला आली), जर्मनीत एकीकरण आणि लगेच १८७२, भारतात स्वातंत्र्य आणि मग १९५६ चा कायदा, १९५७ ला नवा पैसा, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सक्ती. नवीन राज्य आलं की लोक सगळंच बदलणार हे गृहीत धरतात. अमेरिकेत असा क्षण आला तो १७७६ ते १७९० च्या आसपास, आणि तेव्हा मीटर जन्मालाच आलेला नव्हता.

यानंतरचा भाग माझ्या धंद्याचा आहे त्यामुळे जरा लांबेल.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने आट्यांचं एक प्रमाण मांडलं, ६० अंशाचा कोन, ठराविक व्यासाला इंचात ठराविक आटे. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा, एकाचा नट दुसऱ्याला बसायचा नाही. रेल्वे, आरमार, मशीन बनवणारे सगळे हळूहळू त्यावर आले. आजचा यूएनसी आटा (अमेरिकेचा नेहमीचा इंची आटा) त्याच घराण्यातला, फक्त १९४८ मध्ये अमेरिका-ब्रिटन-कॅनडा यांनी बसून तो एकत्र केला कारण युद्धात एकाचे स्पेअर दुसऱ्याला चालेनात. आता विचार करा, १८६५ ते १९२० या काळात अमेरिकेने जगातला सगळ्यात मोठा कारखानदार देश व्हायचं ठरवलं, आणि त्या काळातलं प्रत्येक लेथ, प्रत्येक टॅप, रीमर, प्लग गेज, प्रत्येक इंजिनातला बोल्ट इंचात. म्हणून १९०० च्या आसपास काँग्रेसमध्ये मेट्रिकची बिलं आली तेव्हा सगळ्यात जोरात विरोध केला तो शेतकऱ्यांनी नाही, अडाणी लोकांनी नाही, तर मेकॅनिकल इंजिनिअरांनी. शास्त्रज्ञ म्हणत होते बदला, कारखानदार म्हणत होते बिल कोण भरणार. शास्त्रज्ञाला नवीन पट्टी घ्यायची असते, कारखानदाराला अख्खी टूलरूम.

ज्यांनी कधी लेथवर काम केलं नाही त्यांना वाटतं इंच काय न् मिलिमीटर काय, २५.४ ने गुणलं की झालं. कागदावर झालं हो. पण इंची लीडस्क्रूच्या (ज्याच्या आट्यावर लेथचं हत्यार पुढे सरकतं तो दांडा) लेथवर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचा चेंज गिअर लावावा लागतो, कारण २५.४ पाचदा घेतलं की १२७ होतात आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत, छोटा गिअर लावून अचूक काम होतच नाही. जुन्या मशीनच्या डब्यात तो एक भला मोठा गिअर असतो, तो हरवला की टर्नर डोक्याला हात लावून बसतो. किंवा साधं पान्याचं बघा. ५/१६ इंची बोल्टाच्या डोक्याला अर्धा इंची पाना लागतो म्हणजे १२.७ मिमी, आणि एम८ म्हणजे ८ मिमीच्या बोल्टाला १३ चा. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे गोल. उलट ३/४ इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ चा पाना मजेत चालतो. कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे पाठ करण्यात अमेरिकेतल्या मेकॅनिकचं आयुष्य जातं, प्रत्येकाकडे सॉकेटचे दोन सेट.

सगळ्यात वाईट पाइपचे आटे. अमेरिकेत एनपीटी नावाचं प्रमाण, आपल्याकडे आणि युरोपात बीएसपी नावाचं ब्रिटिश प्रमाण. अर्धा इंची आणि पाऊण इंची दोन्हींत इंचाला १४ आटे, पण एकाचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. म्हणजे हाताने फिरवलं की दोन-तीन फेरे आत जातं, फिटरला वाटतं बरोबर आहे, टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळतो, आणि प्रेशर दिल्यावर गळती. एक इंची पाइपला इंचाला आटे ११.५ आणि ११, तिथे निदान लवकर अडकतं तरी. अमेरिकेची मशिनरी आणणाऱ्या कुठल्याही प्लँटच्या मेन्टेनन्सवाल्याला विचारा, तो दहा मिनिटं यावरच बोलेल. गंमत म्हणजे बीएसपीसुद्धा इंचीच आहे. पूर्ण मेट्रिक झालेल्या युरोपने पाण्याच्या पाइपचे आटे आजवर इंचातच ठेवले, कारण भिंतीत गाडलेला पाइप कोण उकरणार.

मग १९७५. त्या वर्षी डिसेंबरमध्ये फोर्ड यांनी (राष्ट्राध्यक्ष, गाडीवाले नाही) मेट्रिक कन्व्हर्जनच्या कायद्यावर सही केली. बोर्ड नेमलं, सगळं झालं, पण कायद्यात बदल ऐच्छिक ठेवला आणि शेवटची तारीख घातलीच नाही. माझ्या मते सगळा विषय इथे संपतो. मापाचा बदल ऐच्छिक असूच शकत नाही, कारण जो आधी बदलतो त्यालाच भुर्दंड, त्याचा नट शेजाऱ्याच्या बोल्टाला बसत नाही, त्याची फळी दुकानदार ठेवत नाही. सगळे एका दिवशी बदलले तर खर्च सगळ्यांना सारखा. ऑस्ट्रेलियाने हेच ओळखलं, १९७० चा कायदा, प्रत्येक धंद्याला स्वतःचं वेळापत्रक, आणि जुलै १९७४ मध्ये देशभरातल्या रस्त्यांवरच्या पाट्या महिन्याभरात बदलून टाकल्या. चार दिवस लोक वैतागले आणि विसरले. अमेरिकेत बोर्ड लोकांना माहिती देत बसलं आणि १९८२ मध्ये रेगन यांनी ते बंदच करून टाकलं. १९८८ मध्ये पुन्हा कायदा झाला की मेट्रिक हीच देशाच्या व्यापारासाठी पसंतीची पद्धत, नव्वदीत राज्यांच्या हायवे खात्यांनी ड्रॉइंगं मेट्रिकमध्ये काढायला घेतली, ठेकेदार ओरडले, १९९८ मध्ये काँग्रेसने तारखेची अट काढून टाकली आणि एकेक राज्य गपचूप फुटांवर परत आलं. ॲरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सीमेवर नोगालेसला जाणारा आय-१९ हायवे आहे, त्यावर अंतरं अजून किलोमीटरमध्ये दिसतात, बस्स.

कॅनडा मधल्यामध्ये लटकला. १९७७ ला रस्ते किलोमीटरवर गेले, पण १९८५ मध्ये नव्या सरकारने मेट्रिक कमिशन गुंडाळलं आणि शेजारी अमेरिका असल्यामुळे लाकूड, प्लाय, घरबांधणी सगळं फुटांतच राहिलं. तिथल्या बदलाच्याच काळात, जुलै १९८३ मध्ये, एअर कॅनडाच्या नव्या कोऱ्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना लिटरचं वजन काढायला ०.८ किलोऐवजी १.७७ हा पौंडांचा आकडा वापरला गेला, विमान हवेत असताना टाकी रिकामी, आणि वैमानिकाने ते गिमली नावाच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरवलं. सगळे वाचले. हे सांगायचं कारण, अर्धवट बदल हा न बदलण्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, आणि बदलाला विरोध करणाऱ्या इंजिनिअरांचं हे म्हणणं मला अजिबात मूर्खपणाचं वाटत नाही.

मंगळाच्या यानाचं पण तसंच. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं कारण लॉकहीड मार्टिनचं सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं आणि नासावाले ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते, साडेचार पटीचा फरक. सगळे म्हणतात इंचामुळे गेलं. मी म्हणते सांध्यावर गेलं. नासाने काम मेट्रिकमध्येच मागितलं होतं. दोन पद्धती जिथे भेटतात तिथे कुणी आकड्याबरोबर एकक तपासलं नाही, आणि प्रवासात मार्ग चुकतोय अशी शंका काही लोकांना आलेली असूनही ती पुढे नीट गेली नाही. आमच्या शॉपमध्ये हा सांधा रोज असतो. अमेरिकन ड्रॉइंगवर .५० आणि .५०० ही दोन वेगळी मापं असतात, दोन दशांशांना टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) समजा ±.०१ टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, असेल तर तीन दशांशांना ±.००५. नवीन पोरगं येतं, दोन्हीचं १२.७ करून एक्सेलमध्ये टाकतं आणि शून्यं उडवतं, म्हणजे टॉलरन्सच उडवला. शिवाय इंची ड्रॉइंगवर दशांश चिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत, झेरॉक्समध्ये तो टिंब गेला की .५०० चे पाचशे. त्यामुळे आमच्याकडे नियम असा की इंची ड्रॉइंगचं रूपांतर एकदाच, एकाच माणसाने करायचं, मर्यादा नेहमी आतल्या बाजूला राउंड करायच्या, आणि तपासणीच्या शीटवर मूळ इंचातलं माप शेजारी ठेवायचं.

पण सगळी अमेरिका इंचात आहे असंही समजू नका. सत्तरच्या दशकात जनरल मोटर्स आणि फोर्ड हळूहळू मेट्रिक डिझाइनवर गेले कारण त्यांना जगभर एकच इंजिन बनवायचं होतं, आज अमेरिकन गाडीचे बोल्ट बहुतेक मेट्रिकच. दारूच्या बाटल्या १९८० पासून ७५० मिली, सोडा दोन लिटरच्या बाटलीत, औषधं मिलिग्रॅममध्ये, पाकिटावर पोषणाची माहिती ग्रॅममध्ये. दूध मात्र गॅलनमध्ये. जिथे कंपन्या थोड्या, ग्राहक बाहेरचा आणि वस्तू लवकर संपणारी, तिथे बदल झाला. बाटली पिऊन फेकून देतात, तिला स्पेअर लागत नाही. आणि बाहेरून दबाव आणू शकेल असा एकच गिऱ्हाईक होता, युरोप, त्यांनी २०१० पासून लेबलावर फक्त मेट्रिक चालेल असं ठरवलं होतं, पण २००९ मध्ये तेही मागे घेतलं, दोन्ही छापलं तरी चालेल म्हणाले. अमेरिकेची निर्यात अर्थव्यवस्थेच्या मानाने तशीही कमी, जीडीपीच्या दहा-बारा टक्के, घरातलंच मार्केट एवढं मोठं की त्यांना अडतच नाही.

घर हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. अमेरिकेतलं लाकडी घर म्हणजे दर १६ इंचांवर एक उभा बत्ता आणि त्यावर चार बाय आठ फुटांची शीट. बत्ते १६ इंचांवर म्हणून शीट चार फूट, शीट चार फूट म्हणून बत्ते १६ इंचांवर. उद्या कुणी १२०० मिमीची शीट काढली तर ती जुन्या कुठल्याच घराला बसणार नाही, प्रत्येक सांध्याला दोन सेंटिमीटर कमी. अशी कोट्यवधी घरं उभी आहेत.

आणि आपण काय वेगळे आहोत हो? साठ वर्षं झाली मेट्रिक होऊन, दुकानात प्लाय आठ बाय चारच मागतो आपण, बिलावर २४४० बाय १२२० लिहिलेलं असतं म्हणजे फक्त फूटच मिलिमीटरमध्ये लिहिलाय. वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. रेराच्या कागदावर चौरस मीटर आणि बोलताना भाव चौरस फुटाचा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि बांधावर एकर-गुंठा. फॅब्रिकेशनवाला अजून सुतात बोलतो, चार सूत म्हणजे अर्धा इंच. मुंबई हायला ओएनजीसी विहीर खणते तेव्हा केसिंग (विहिरीत उतरवायचा पोलादी पाइप) ९ ५/८ इंच आणि १३ ३/८ इंचाचंच उतरतं, कारण तेलाच्या धंद्याचं स्टँडर्ड अमेरिकेत लिहिलं गेलं. विमानाची उंची चीनसारखे अपवाद सोडले तर जगभर फुटांत. गाडीच्या टायरवर बघा, २०५/५५ आर१६, रुंदी मिलिमीटरमध्ये, मधला आकडा टक्केवारी आणि रिम इंचात, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही. कुठले देश मेट्रिक ते दाखवणाऱ्या नकाशात भारत हिरवा आणि अमेरिका लाल दाखवतात ते ठीक, पण ब्रिटनही हिरवा असतो आणि तिथे रस्ते मैलांत, बिअर पाइंटमध्ये.

त्या नकाशात लायबेरिया आणि म्यानमार पण लाल असतात. लायबेरिया अमेरिकेतून गेलेल्या लोकांनीच वसवलेला देश, मापं सोबत गेली. म्यानमारमध्ये ब्रिटिश मापं आणि त्यांची स्वतःची जुनी वजनं दोन्ही चालतात. दोन्ही सरकारांनी मागच्या दहा-पंधरा वर्षांत मेट्रिकवर जायचं जाहीर केलंय आणि आयात माल तर आधीच किलो-लिटरमध्ये येतो, त्यामुळे त्यांना अमेरिकेच्या रांगेत बसवणं मला फारसं पटत नाही.

मग पुढे अमेरिका बदलेल का? मला वाटतं आता शक्यता १९७५ पेक्षाही कमी झालीये, आणि त्याचं कारण कॉम्प्युटर. तेव्हा इंचाचं मशीन इंचातच चालायचं, बदलायचं तर लोखंड बदलावं लागायचं, म्हणून निदान भांडण तरी होतं. आज सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रॅममध्ये जी२० लिहिलं की इंच, जी२१ लिहिलं की मिलिमीटर, डिजिटल व्हर्नियरला बटण असतं, कॅडमध्ये एका क्लिकवर ड्रॉइंगचं एकक बदलतं. ज्या खर्चामुळे बदल अडला होता तो खर्च कमी झाला, पण त्याचबरोबर न बदलण्याचा त्रासही कमी झाला, आणि त्रास नसला की राजकारणी हात घालत नाही. आमच्याकडे येणारी नव्या डिझाइनची ड्रॉइंगं, विशेषतः गाड्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची, जास्त करून मेट्रिकच असतात. पण हायड्रॉलिक, तेल, विमान, शेतीची जुनी अवजारं यांचे स्पेअर इंचातच येतात आणि माझ्या नोकरीत तरी येतच राहतील, एवढ्यासाठीच आम्ही मागच्या वर्षी यूएनएफचे (बारीक इंची आट्यांचे) थ्रेड गेज नवीन घेतले.